मुंबई–सिडनी, सिंगापूरमार्गे : आईबाबांसाठी थांबा किती ठेवावा?

द्राक्षबाग

आईबाबा नोव्हेंबरमध्ये नाशिकहून निघून मुंबईमार्गे सिडनीला येणार आहेत. बाबा ७१, आई ६६. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास आहे आणि सोबत कोणी नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा (६००, मल्टिपल एंट्री) हातात आहे. सिंगापूरमार्गे यायचं नक्की आहे, पण थांबा किती ठेवावा यावर घरात एकमत होत नाही. मुंबईहून विमान रात्री ११.३० ला, सिंगापूरला सकाळी ७.३०. पुढचे पर्याय असे दिसताहेत :

अ) त्याच सकाळी ९.३० चं विमान, सिडनी रात्री सव्वाआठ.
ब) दिवसभर थांबून रात्री ८.३० चं, सिडनी दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात.
क) एक रात्र हॉटेलात, दुसऱ्या सकाळचं ९.३० चं, सिडनी रात्री सव्वाआठ.

बाबांचे गुडघे दुखतात, दोन जिने चढले की थांबतात. आईला मधुमेह (गोळ्या, इन्सुलिन नाही). दोघं शाकाहारी. धाकट्याचं म्हणणं ब घ्या, शहर बघून होईल. जाणकारांनी सांगा.

---

कडकचहा

ब कागदावर छान दिसतो, पण तिघांत तोच जास्त दमवणारा आहे. त्यात लागोपाठ दोन रात्री खुर्चीत जातात. हिशोब मांडून बघा : मुंबईला रात्री आठपर्यंत पोचायचं तर नाशिकहून दुपारी दोन-तीनला निघायला हवं. पहिली रात्र विमानात साडेपाच तास, त्यातले जेवण आणि उतरण्याची गडबड वजा जाता झोप मिळेल जेमतेम तीन तास. सिंगापूरला ७.३० वाजतात तेव्हा शरीराच्या घड्याळात पहाटेचे पाच असतात. तिथून पुढे तेरा तास उन्हात, दमट हवेत फिरायचं आणि परत एक रात्र विमानात. सिडनीला सकाळी उतरल्यावर अख्खा दिवस जागं राहायचं, कारण लगेच झोपलं तर घड्याळ बसत नाही. पंचविशीतल्या पोरांना ठीक आहे.

अ आणि क दोन्हींत सिंगापूर–सिडनी हा पावणेआठ तासांचा टप्पा दिवसा होतो आणि रात्री घरच्या गादीवर पाठ टेकते. नोव्हेंबरमध्ये सिडनी भारताच्या साडेपाच तास पुढे असतं (ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत, एरवी साडेचार). म्हणजे रात्री दहाला आडवं झालं तर शरीराला दुपारचे साडेचार वाजल्यासारखं वाटणार. झोप उशिरा लागेल, पण थकवा असल्यामुळे लागेल.

आता अ आणि क यांतली निवड. अ मध्ये दोन तासांचं कनेक्शन आहे. चांगीला (सिंगापूरचा विमानतळ) कागदोपत्री तासाभराचं कनेक्शनही विकतात आणि बहुतेक वेळा जमतं, पण व्हीलचेअर घेतली की तुम्ही विमानातून सगळ्यात शेवटी उतरता. त्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. मुंबईहून विमान पाऊण तास उशिरा सुटलं तर धावपळ. एकाच पीएनआरवर असाल तर चुकलेल्या कनेक्शनची जबाबदारी विमान कंपनीची, पुढच्या विमानात बसवून देतात. पण पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या दोघांना तो अनुभव कशाला?

क घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय तिकिटात २४ तासांपर्यंतचा थांबा म्हणजे कनेक्शन, त्यावर गेला की स्टॉपओव्हर. तुमचा क २६ तासांचा आहे. त्यामुळे दोन फरक पडतात. भाड्याचा नियम बदलतो. काही भाड्यांत स्टॉपओव्हर फुकट असतो, काहींत पैसे लागतात, स्वस्तातल्या भाड्यात मुळीच चालत नाही. आणि बॅगा मुंबईहून थेट सिडनीला टॅग होत नाहीत, सिंगापूरला पट्ट्यावरून उचलाव्या लागतात. त्याच मार्गावर दुसऱ्या सकाळी सातच्या आत सुटणारं विमान मिळालं तर थांबा २४ तासांच्या आत बसतो आणि दोन्ही प्रश्न मिटतात. साईटवर ‘राउंड ट्रिप’ऐवजी ‘मल्टी सिटी’त टाकून बघा, नाहीतर हे पर्याय दिसतच नाहीत.

थांबा २४ तासांच्या आत असेल आणि तरी मोठी बॅग सिंगापूरला हवी असेल तर मुंबईच्या काउंटरवर तसं आधी सांगायचं, टॅग सिंगापूरपर्यंतच लावतात. पण मी म्हणेन नको. एक रात्रीचे कपडे, औषधं आणि चपला केबिन बॅगेत घ्या, मोठं ओझं परस्पर जाऊ दे. मात्र काउंटरवर चिकटवलेल्या पावतीवर सिडनीचा कोड आहे ना, हे दोघांपैकी एकाने बघायलाच हवं.

दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्तात बसवायचा मोह मात्र टाळा. बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेशाची पात्रता लागते. ती कागदावर दिसली नाही तर मुंबईलाच बोर्डिंग पास देत नाहीत.

---

पूर्वा२१०

सिंगापूरच्या कागदपत्रांबद्दल, कारण क घेतला तर हे लागणारच.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर असाल आणि विमानतळाच्या आतच राहिलात तर लागत नाही. बाहेर पडायचं असेल तर ९६ तासांची ‘व्हिसा फ्री ट्रान्झिट’ सोय आहे, इंग्रजी आद्याक्षरं व्हीएफटीएफ. ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान यांपैकी एका देशाचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मिळते. अटी : तुम्ही खरोखर तिसऱ्या देशात जात किंवा तिथून येत असायला हवं, ९६ तासांच्या आत पुढचं पक्कं तिकीट हवं, आणि तो व्हिसा सिंगापूरला पोचल्याच्या तारखेनंतर किमान महिनाभर वैध हवा. आगाऊ अर्ज नसतो, सिंगापूरच्या काउंटरवरचा अधिकारी ठरवतो.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, सगळं ऑनलाइन. म्हणून मंजुरीचं पत्र दोघांचं वेगवेगळं, छापील, प्रत्येकी दोन प्रती घ्या. मुंबईच्या काउंटरवरची मंडळी कधी कधी ‘सिंगापूरचा व्हिसा कुठे?’ विचारतात. तिथे आईबाबांनी शांतपणे मंजुरीपत्र आणि पुढचं तिकीट दाखवून ‘व्हीएफटीएफ’ एवढंच म्हणायचं. शब्द पाठ करून घ्या, किंवा पत्राच्या वर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून द्या. व्हिसा मिळाल्यानंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर नंबर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्यात बदलून घेतलाय का तेही बघा. नंबर जुळला नाही तर काउंटरच्या संगणकावर व्हिसा दिसतच नाही.

एसजी अरायव्हल कार्ड : पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. सरकारी साईटवर फुकट आहे. शोधलं की पैसे मागणाऱ्या नकली साईट आधी वर येतात, तिथे भरू नका. दोघांचं एकत्र भरता येतं. ईमेल तुमचाच द्या, म्हणजे पावती तुमच्याकडे येईल. विमानतळाबाहेर न पडणाऱ्यांना हे कार्ड लागत नाही.

परतीच्या वाटेवर पण थांबणार असाल तर त्या वेळी व्हिसा किती दिवस उरतोय ते आत्ताच मोजा. राहण्याची मुदत पुरेपूर वापरून निघणाऱ्यांची अडचण इथेच होते. महिना उरत नसेल तर परतताना बाहेर पडायचा बेत नको, नाहीतर सिंगापूरचा नेहमीचा व्हिसा आधी काढून ठेवा (अर्जाची फी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही).

---

सह्यवेडा

कडकचहांशी बरंचसं सहमत, पण ब अगदीच टाकाऊ नाही. विमानतळाच्या आतच ट्रान्झिट हॉटेलं आहेत, तासांच्या हिशोबाने खोल्या मिळतात, बहुधा सहा तासांचा गट. इमिग्रेशन ओलांडायचं नाही, बॅगेची भानगड नाही. सकाळी आठला खोलीत शिरलं, आंघोळ करून दोनपर्यंत झोपलं, मग जेवण आणि निवांत संध्याकाळ. असा ब चालतो. शहर बघायच्या नादातला ब मात्र नको, हे बरोबर. खोली आधी आरक्षित करा, सकाळी जाऊन मिळेलच असं नाही.

क मध्ये वेगळीच गोची आहे, जी कोणी लिहिली नाही. सकाळी ७.३० ला उतरणार, इमिग्रेशन वगैरे करून ९ ला हॉटेलात. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोन-तीनला! पाच तास लॉबीत बसून पेंगायचं का? तेव्हा एकतर ‘अर्ली चेक-इन’ पैसे देऊन लेखी पक्कं करा, किंवा आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या आणि हॉटेलला ईमेलने कळवा की पाहुणे सकाळी येतील. न कळवता आदल्या रात्री कोणी आलं नाही तर ‘नो-शो’ धरून खोली रद्द करतात. विमानतळालाच लागून, म्हणजे टर्मिनल ३ ला जोडलेलं आणि ज्युएलमधलं (विमानतळालगतचा मॉल) अशी हॉटेलं आहेत. शहरातल्यापेक्षा महाग, पण टॅक्सी, सामान, रस्ता चुकणं हे सगळं वाचतं. गुडघ्यांसाठी तेच.

ज्युएलमधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पण टर्मिनल २ आणि ३ च्या मधली स्कायट्रेन ज्युएलच्या आतूनच जाते. अ किंवा ब घेतला तरी गाडीत बसल्या बसल्या दिसतो.

संध्याकाळी बाहेर पडणार असाल तर एकच ठिकाण ठेवा. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या उंच लोखंडी झाडांवर रोज ७.४५ आणि ८.४५ ला दिव्यांचा कार्यक्रम असतो, फुकट. ७.४५ चा बघून परत. जेवायला लिटल इंडियात सेरांगून रोडवर शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य खानावळी आहेत. मेट्रोत खाणंपिणं मना आहे, ५०० डॉलरपर्यंत दंड. चकलीचं पाकीटसुद्धा फोडायचं नाही, पाणीही नाही.

मेट्रोसाठी वेगळं तिकीट नको, कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं. पण एका कार्डावर एकच माणूस. दोघांना दोन कार्डं लागतात आणि चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार दोन्ही चालू करा, बहुतेक भारतीय कार्डांत ते बंदच असतात.

---

द्राक्षबाग

खूप आभार. क वर एकमत झालं, विमानतळालगतचं हॉटेल, आदल्या रात्रीपासून. आता पुढचे प्रश्न :

१) आई सकाळी जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन घेते. घड्याळ असं सरकल्यावर काय करायचं? बाबा कधीमधी झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतात.
२) व्हीलचेअर कशी मागायची? एकालाच मागितली तर दुसऱ्याचं काय?
३) आईने यादी केली आहे : गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, धणे-जिरे, तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, अनारसे, पेढे, बाकरवडी. यातलं काय चालेल?

---

ओपीडी_आठवी

पहिल्या प्रश्नापुरतं. डोस बदलायचा निर्णय आईंच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्याकडे जाताना प्रवासाचा तक्ता घेऊन जा, म्हणजे ते दोन मिनिटांत सांगू शकतील.

पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, सिडनीपर्यंत साडेपाच तासांनी. मेटफॉर्मिन जेवणाशी बांधलेलं आहे, जेवण तिथे गोळी, त्यात फारसं बिघडत नाही. खरा धोका ग्लिमेपिराइडचा. ती घेतली आणि जेवण लांबलं तर साखर खाली येते. विमानात ‘आता जेवण देतील’ म्हणून गोळी घ्यायची आणि हवा खराब म्हणून वाढप तासभर थांबायची, हे नेहमीचं. नियम सोपा : ट्रे समोर येऊन अन्न शाकाहारी आहे हे बघितल्यावरच गोळी. दोन गोळ्यांमधलं अंतर प्रवासात कमी होत असेल तर एखादी वगळायची का, हे डॉक्टरांना नेमकं विचारा. ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं आईंच्या पर्समध्ये, डोक्यावरच्या कप्प्यात नाही. पट्टा बांधायची खूण लागलेली असताना उठता येत नाही.

जेवण सांगताना कोड बघा. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. व्हीजीएमएल बऱ्याच कंपन्यांत पाश्चात्त्य पद्धतीचं, दूधही नसलेलं येतं. उकडलेल्या भाज्या आणि कोरडा पाव बघून आई उपाशी राहतील. डीबीएमएल हे मधुमेहींचं, पण त्यात मांसाहारी पदार्थ असू शकतात. निदान २४ तास आधी, आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं नोंदवलंय ना ते तपासा. मुंबई–सिंगापूरला नोंद आहे आणि पुढच्या टप्प्याला नाही, असं सर्रास होतं.

अल्प्राझोलाम सिंगापूरमध्ये नियंत्रित औषध आहे. इमिग्रेशन ओलांडून आत न्यायचं तर तिथल्या आरोग्य खात्याची, एचएसएची, आगाऊ परवानगी लागते, प्रमाण कितीही कमी असो. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तेच. कधीमधीच घेत असतील तर डॉक्टरांना विचारून घरीच ठेवलेलं उत्तम. तसंही विमानात झोपेची गोळी घेऊन सहा तास हलणं बंद करणं ७१ व्या वर्षी बरं नाही, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. रोज घेण्याची सवय असेल तर मात्र एकदम बंद करू नये, तेही डॉक्टरांना सांगा.

बाकीची औषधं मूळ पट्टीतच न्या, दिवसांच्या डबीत सुटी काढून नको. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपर्यंतचा साठा चालतो, सोबत इंग्रजी चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ नाव. दोघांच्या औषधांचे दोन सारखे भाग करून निम्मं एकेकाच्या केबिन बॅगेत.

पायमोजे : गुडघ्याखालचे, दाब देणारे, घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊन घ्या. सैल निघाले तर उपयोग नाही, वरची कड रुतली तर उलट त्रास. आईंना मधुमेह आहे, तेव्हा पायातला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय असे मोजे घालू नयेत. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर ते घातक ठरतात. बाबांसाठी दर तासाला बसल्या जागी घोटे वरखाली वीस वेळा, दोन तासांनी एक फेरी. त्यासाठी कडेची जागा. पुढे भिंत असलेल्या रांगेत पाय पसरता येतात, पण टेकऑफला पर्स पायाशी ठेवता येत नाही आणि हाताची दांडी वर होत नाही. एकाच वाटेच्या दोन बाजूंच्या कडेच्या जागा घेतल्या तर दोघंही मोकळे आणि बोलायला जवळ. विमान ए-३८० असेल तर वरच्या मजल्यावर इकॉनॉमीत खिडकीलगत दोन-दोनच्या जागा असतात, जोडप्याला झकास.

---

कडकचहा

व्हीलचेअर : तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या खुर्चीपर्यंतही उचलून न्यावं लागतं. बाबांना एस मागा. आर घेतला आणि विमान पुलाला न लागता मैदानात उभं राहिलं तर बसच्या आणि विमानाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. ही मागणी ४८ तास आधी, चारही टप्प्यांवर नोंदवा. एकाला घेतली तर दुसऱ्याला सहसा सोबत चालू देतात. पण आईंना भराभर चालवत नसेल तर दोघांनाही मागा. नेणारा माणूस खुर्ची ढकलत झपाझप जातो, मागे राहिलं की चुकामूक.

एक खुबी : खुर्ची ढकलणारे थेट गेटपाशी किंवा मदतीच्या प्रतीक्षा कोपऱ्यात नेऊन बसवतात आणि तासभर येत नाहीत. स्वच्छतागृहात जायचं असेल ते निघतानाच सांगायचं.

पासपोर्ट, फोन, थोडे पैसे आणि हॉटेलचा पत्ता दोघांकडे आपापला असू दे. बाबांच्या पाऊचमध्ये दोघांचं सगळं, हा आपल्याकडचा रिवाज इथे मोडा. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात एप्रिल २०२५ पासून तिच्यावर फोन चार्ज करायलाही बंदी आहे.

---

बांदावरून

तिसरा प्रश्न. आईंची यादी वाचली, तिचे तीन ढीग करू.

येऊच देणार नाहीत : धणे, जिरे, तूरडाळ, कच्चे शेंगदाणे, अख्ख्या सुक्या मिरच्या. साठवणीच्या धान्यातल्या खाप्रा भुंगेऱ्यामुळे ऑस्ट्रेलियाने तांदूळ, डाळी, कडधान्यं, धणे, जिरे, बडीशेप, शेंगदाणे, सुकी मिरची असे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी घातली आहे, कुठल्याही देशातून. कारखान्यात सीलबंद असले तरी. हा किडा सिडनीच्या गोदामात शिरला तर त्यांची गव्हाची निर्यात अडते, म्हणून एवढी कडक. आणि हे सगळं सिडनीच्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतं, दोन किलो डाळ वाहून आणण्यात अर्थ नाही.

पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नाही. आपल्याकडे लाळ्या-खुरकुताचा रोग आहे, म्हणून भारतातल्या दुधाच्या मिठाईला तिथे मज्जाव.

सांगून आणायचं, बहुधा सोडतात : गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, बाकरवडी. भाजलेलं किंवा तळलेलं असल्यामुळे वरच्या बंदीत येत नाही. पण घरच्या पिशवीत लेबलाशिवाय असेल तर अधिकाऱ्याला काय समजणार? दुकानातलं, सीलबंद, इंग्रजीत घटक छापलेलं घ्या. घरचाच मसाला हवा असेल तर पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा आणि गेला तर गेला म्हणून सोडून द्या. लेबल नसलेली चूर्णाची पुडी नको.

अनारशांची भानगड सिडनीआधीच आहे, सिंगापूरला. त्यावर खसखस असते! सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या खात्याखाली येते, परवानगीशिवाय आणता येत नाही. तुम्ही इमिग्रेशन ओलांडणार आहात, तेव्हा अनारसे आणि खसखस घातलेला कुठलाही लाडू घरी. नाशिकहून निघताना शेजारपाजारचे डबे आणून देतात, त्यातही बघा. तंबाखू खाण्याची सवय कोणाला असेल तर तीही तिथे निषिद्ध : खायची तंबाखू, गुटखा, मिश्री काहीच नाही. च्युइंगमसुद्धा नको.

आणि ओटी. निघताना आईंची ओटी भरतील, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ सगळं पदरातून पर्समध्ये जाईल आणि विसरलं जाईल. ते गाडीत बसतानाच काढून कोणाकडे तरी द्या. पर्सच्या तळाशी राहिलेले तांदळाचे चार दाणेसुद्धा तिथल्या कुत्र्याला किंवा एक्स-रेला सापडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईलाच बाहेर काढतात, ज्वलनशील म्हणून.

विमानात एक छापील कार्ड देतात, माणशी एक. पेन सोबत ठेवा. सिडनीतला तुमचा पूर्ण पत्ता आणि फोन इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून कागद द्या, त्यावरून उतरवतील. खाद्यपदार्थांच्या आणि औषधांच्या प्रश्नाला ‘हो’वर खूण, पिशवीत फक्त बिस्किटं असली तरी. हे पक्कं डोक्यात बसवा : ‘हो’ म्हटलं आणि वस्तू चालणारी नसली तर ती काढून घेतात, दंड नाही. ‘नाही’ म्हटलं आणि सापडली तर जागेवर दंड, आणि व्हिजिटर व्हिसा रद्द करून परत पाठवायचाही त्यांना अधिकार आहे. आपल्या लोकांना ‘नाही’ म्हटलं की लवकर सुटू असं वाटतं. तिथे उलट आहे. ‘हो’वाल्यांची रांग वेगळी असते आणि सगळे खाद्यपदार्थ एकाच पिशवीत वर ठेवले असतील तर दहा मिनिटांत मोकळे करतात. बॅगभर विखुरलेले असतील तर सगळी बॅग उघडावी लागते.

विमानात दिलेलं सफरचंद किंवा अर्धं सँडविच पर्समध्ये टाकू नका. बाबांच्या बुटांना शेतातली माती असेल तर ब्रशने साफ करून घ्या, तेही विचारतात.

---

पूर्वा२१०

एक राहिलं. चांगीला टर्मिनल १, २, ३ मध्ये सुरक्षा तपासणी सुरुवातीला नसते, प्रत्येक गेटच्या दारात असते. म्हणजे आत फिरताना विकत घेतलेली किंवा नळावर भरलेली पाण्याची बाटली गेटवर ओतून द्यावी लागते. रिकामी न्यावी, विमानात बसल्यावर पाणी मागून भरून घ्यावी. आईंना गोळीसाठी पाणी लागेल तर गेटच्या आत जाण्याआधीच घेऊन टाका. गेट विमान सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बंद होतं आणि तपासणीची रांग त्याच्या आधी लागते, तेव्हा बोर्डिंग पासवरच्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटपाशी.

मुंबईच्या ड्युटी फ्रीतून बाटली किंवा अत्तर घेतलं तर ती सीलबंद पारदर्शक पिशवी सिडनीपर्यंत फोडायची नाही. तुमचा तर रात्रीचा मुक्काम बाहेर आहे, परत आत येताना ती बाटली १०० मिलीच्या नियमात अडकेल. घ्यायचंच असेल तर सिडनीला उतरल्यावरही पट्ट्याच्या आधी ड्युटी फ्री दुकान आहे.

---

द्राक्षबाग

खसखशीचं आणि ओटीचं आईला फोनवर वाचून दाखवलं. अनारसे रद्द, डाळ रद्द, पेढे निघताना तिथेच वाटणार. व्हीलचेअर दोघांना मागितली, बाबांना एस. सकाळी सातच्या आत सुटणारं विमान मिळालं, थांबा तेवीस तासांवर बसला. आता बॅगा थेट येतील. अल्प्राझोलामसाठी बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

---

सह्यवेडा

मग हॉटेलमध्ये पहाटेचा वेक-अप कॉल सांगून ठेवा, आणि तिथला नाश्ता तेवढ्या लवकर सुरू होतो का तेही विचारा. होत नसेल तर आदल्या रात्री ‘ब्रेकफास्ट बॉक्स’ मागायचा, शाकाहारी म्हणून स्पष्ट सांगून. गोळीच्या आधी आईंच्या पोटात काहीतरी हवं.